पत्रिकेतलं पहिलं नाव

महालक्ष्म्या घरात बसल्या की तीन दिवस आवाज चढवायचा नाही, हा झाडे घराण्याचा नियम. त्यामुळे या घरातली सगळी मोठी भांडणं भाद्रपदात आणि कुजबुजत झालेली आहेत. बियाण्यांचं दुकान थोरल्या कुलदीपच्या नावावर झालं तेही असंच. तेव्हा शेजारच्या खोलीत पुरण वाटणाऱ्या बायकांना वाटलं होतं, बापलेक आंबिलीत मीठ किती घालायचं ते ठरवताहेत.

यंदाची कुजबुज आदिलाबादच्या बसस्टँडवरच सुरू झाली. कुलदीप धाकट्या भावाला घ्यायला गाडी घेऊन गेला होता. प्रवीण हैदराबादच्या बसमधून उतरला तो पाठीवर एकच पिशवी घेऊन. दोन-दोन वर्षांच्या नोकऱ्यांवर इटली, मग कॅनडा, मग हॉलंड असा फिरलेला माणूस सामान कमी ठेवायला शिकतो. कुलदीपला मात्र दर वेळी वाटायचं, हा उद्याच परत निघायच्या तयारीनं आलाय. त्या देशांमध्ये प्रवीणचं संशोधन कायम होतं आणि नोकरी तात्पुरती. हैदराबादच्या कॉलेजात उलटं झालं. लग्न जागा पक्की झाल्यावर करायचं ठरलं होतं. जागा पक्की झाली तोवर मुलींच्या बापांनी विचारणं सोडून दिलं होतं.

त्याचा विषय गुरुत्वाकर्षण आणि स्ट्रिंग थिअरी. बेल्यात, त्यांच्या गावात, त्याची व्याख्या ‘वरून खाली पडते त्याचा अभ्यास’ अशी रुळली होती. प्रवीणनं ती कधी दुरुस्त केली नाही, कारण ती फारशी चूक नव्हती.

गाडी शहराबाहेर पडली, दोन्ही बाजूंना कापूस लागला, तेव्हा कुलदीपनं विषय काढला. उत्कर्षाला, म्हणजे त्याच्या मुलीला, बंगळुरूच्या एका संस्थेत पीएचडीची जागा मिळाली होती. विषय काकाचाच. होकार आज संध्याकाळपर्यंत कळवायचा होता. आणि सपनानं, दोघांच्या धाकट्या बहिणीनं, आपल्या चुलतदिराच्या मुलाचं स्थळ आणलं होतं. मुलगा पांढरकवड्याला बँकेत, घर मोठं, माणसं मोजकी. त्यांनाही उत्तर आजच हवं होतं, कारण पोरगी पाच-सहा वर्षं शिकणार असेल तर ते थांबणार नव्हते.

“तू नाई म्हन,” कुलदीप म्हणाला. “मी नाई म्हटलं तर मी जुन्या इचाराचा होतो. तू म्हटलं तर ते शास्त्र होते.”

“मी नाईच म्हणणार होतो, दादा.”

कुलदीप थोडा निराश झाला. वाटेतल्या जैनथपर्यंत पुरेल एवढा युक्तिवाद त्यानं तयार ठेवला होता. आता बोलायला काही उरलं नाही, आणि बोलायला काही उरलं नाही की त्याला सपनाच्या लग्नाची पत्रिका आठवायची.

त्या पत्रिकेत खाली ‘आपले विनीत’मध्ये बापानं नावं घातली होती ती अशी: प्रवीण, मग कुलदीप. मोठा कुलदीप. मांडव त्यानं घातला, आचारी त्यानं ठरवला, पाहुण्यांच्या जानोशाची सोय त्यानं पाहिली. प्रवीण कॅनडातून लग्नाच्या चार दिवस आधी आला आणि आल्या आल्या झोपला. आणि त्या पत्रिका वाटायला गावोगाव मोटरसायकलवर गेला तोही कुलदीपच. पार बाजारहत्नूरपर्यंत. दर ओट्यावर कुणीतरी पत्रिका उलगडायचं, खालून वाचायचं, कुलदीपकडे बघायचं आणि चहा पुढे करायचं. स्वतःचा अपमान स्वतः पेट्रोल जाळून घरपोच करणारा माणूस पंचक्रोशीत तो एकटाच असावा. बापाला त्यानं कधी विचारलं नाही. पत्रिकेतल्या नावांचा क्रम ही विचारायची गोष्टच नसते. माणूस ती वाचतो आणि लक्षात ठेवतो.

घरी सुनयना, कुलदीपची बायको, कनिष्ठेच्या निऱ्या बसवत होती. टिनाच्या कोठीवर नऊवारी नीट बसवणं हे जिवंत बाईला नेसवण्यापेक्षा अवघड, कारण जिवंत बाई पोट आत घेते. सपना बाजूला बसून तोंडात पिना धरून मदत करत होती आणि पिना असूनही बोलत होती. आगलाव्यांकडे, म्हणजे तिच्या सासरच्या भावकीत, सून म्हणून गेली तर पोरीला नोकरी करू देतील, गाडी शिकवतील, सासू तर बोलतच नाही, असं ती सांगत होती. सासू बोलत नाही हे तिनं दोनदा सांगितलं, त्यावरून सुनयनाला वाटलं की ती बोलत असावी.

सुनयना होकार-नकार काहीच म्हणाली नाही. या घरात येऊन तिला एवढं कळलं होतं की ठरतं ते पंगतीत, पण ठरवलेलं असतं त्याआधीच, कुणी कुणाला कुठे गाठलं त्यावर. म्हणून प्रवीण ओसरीवर दिसला तशी ती पाण्याचा तांब्या घेऊन गेली.

“भाऊजी, पोरगी वर गच्चीवर हाय. रेंजसाठी.” मग तिनं मान खाली घातली. “तुमी जे सांगसान ते आधी तिले सांगा. पंगतीत मंग सगळ्यायले सांगा. पोरीले सगळ्यायच्या संग नका कळू देऊ.”

एवढंच. पण प्रवीण जिना चढताना ते त्याच्या पाठीवरच्या पिशवीत बसलं.

गच्चीवर उत्कर्षा कठड्याला टेकून उभी होती. बेल्यात फोनला नक्की कुठल्या राज्यात आहोत ते ठरवता येत नाही. खाली तेलंगण असतं आणि गच्चीच्या एका कोपऱ्यात महाराष्ट्रात स्वागत होतं. ती स्वागताच्या कोपऱ्यात उभी होती.

“काका, तुमी नाई म्हननार हाय ना,” ती म्हणाली. “बाबा तुमाले घ्यायले खुशीखुशीनं गेले तवाच मले कळलं.”

प्रवीणनं नाकारलं नाही. तो तिच्याशेजारी टेकला आणि सांगत गेला. दर वर्षी शरदात पन्नास ठिकाणी अर्ज करायचे, आणि माघापर्यंत एकोणपन्नास ठिकाणांहून सभ्य भाषेत नकार घ्यायचा. ज्या गावात भाजीवाली ओळखायला लागते त्या गावातून त्याच वर्षी निघायचं. युरोपात ते मोठं यंत्र सुरू झालं तेव्हा त्याच्या विभागात केक कापला होता, कारण ज्या कणांवर सगळ्यांची गणितं उभी होती ते आता दिसणार होते. कण अजून आलेले नाहीत. केक त्याच दिवशी संपला.

“आणि माझं जे गणित आहे ना, कृष्णविवरांचं, ते बरोबर आहे,” तो म्हणाला. “फक्त ज्या विश्वात ते बरोबर येते, ते आपलं नाही.”

“माहीत हाय. आपलं पसरून राह्यलं. तुमचं तसं नाई.”

“मग?”

“मग तुमचं आपल्यावर कसं आनायचं, ते पाहायचं हाय मले.”

प्रवीण हसला नाही. त्या वयात हेच वाक्य त्यानं इंग्रजीत म्हटलं होतं, एका इटालियन माणसासमोर, आणि त्या माणसानं असंच तोंड केलं होतं. तो म्हणाला, तीस वर्षांनी तूही माझ्यासारखी कुठल्यातरी कॉलेजात पहिल्या वर्षाच्या पोरांना घसरगुंडीवरचा ठोकळा शिकवशील, आणि उत्तर तेव्हाही आलेलं नसेल.

“काका, आगलाव्यायकडे गेली तर पुढं का का होईन ते मले आत्ताच सगळं माहीत हाय,” उत्कर्षा म्हणाली. “पयल्या महालक्ष्मीले कोन्ती साडी येईन तेही. आत्यानं दाखवली.” ती काकाकडे वळली. “हॉलंडले तर तुमाले पक्की जागा भेटत होती ना. मंग राह्यले काऊन नाई?”

“बाबांनी बोलावलं.”

“काऊन?”

“विचारलं नाही.”

ते खरं होतं. हॉलंडची जागा पक्की मिळतेय हे सांगायला त्यानं दुकानात फोन केला होता. उत्तमरावांनी, म्हणजे बापानं, ऐकून घेतलं. मग म्हणाले, “पुरे झालं आता. घरी ये.” ज्या बापानं जन्मात कधी काही मागितलं नाही त्यानं एकदा मागितलं, एवढंच प्रवीणला कळलं. म्हातारपण असेल, आईचं दुखणं असेल, कारण काहीही असो, ते विचारायचं नसतं. त्यानं हॉलंडला नकार कळवला. त्या सगळ्या वर्षांत आपण केलेली एक गोष्ट तरी निखालस चांगली होती असं त्याला वाटत आलं होतं, आणि कणांच्या आणि विश्वाच्या बाबतीत निराश झाला की तो त्या गोष्टीवर येऊन बसायचा.

खालून प्रवीणच्या आईनं, मनकर्णाबाईंनी, पंगत बसल्याचं सांगितलं. म्हणजे जिन्याखाली येऊन त्या फक्त खाकरल्या.

पहिली पंगत पुरुषांची. ज्येष्ठा-कनिष्ठेसमोर उत्तमराव, त्यांच्या उजव्या हाताला कुलदीप, डाव्या हाताला प्रवीण. वर फुलोरा टांगलेला: करंज्या, पापड्या, वेणीफणी. सुनयना आंबील वाढत होती, सपना पुरणपोळी, आणि उत्कर्षा दाराच्या चौकटीत उभी होती, आपला निकाल ऐकायला आलेल्या माणसासारखी. मनकर्णाबाई समयीजवळ बसून वात सारखी करत होत्या. ती आधीच सारखी होती.

सोळा भाज्यांची भाजी पानात पडली तसा सपनानं विषय काढला. हळू आवाजात, वाढता वाढता, जणू तुपाबद्दल बोलतेय. आगलाव्यांचा फोन दुपारनंतर येईल. त्यांना काय सांगायचं?

“प्रवीणले इचारू,” कुलदीप म्हणाला. ठरल्याप्रमाणे. “त्याच्या लायनीतलं हाय. तो म्हनन तसं.”

प्रवीणनं घास खाली ठेवला. पण त्याच्याआधी उत्तमराव बोलले. ऐंशी ओलांडल्यापासून ते पंगतीत बोलत नसत, त्यामुळे आधी सगळ्यांना वाटलं, त्यांना कढी हवी आहे.

“त्याले नका इचारू,” ते म्हणाले. “कायले सगळ्यायसमोर त्याले बोलाले लावता. त्याचं तिकडं का झालं ते मले माहीत हाय.”

कुणाला काही कळेना. प्रवीणलाही नाही.

“हा एवढा हुशार,” उत्तमराव पानाकडे बघत म्हणाले, “तरी त्यायनं याले शेवटी ठेवलं. मंग या पोरीले कुठं ठेवतीन? नाई धाडायची.”

“कोणी ठेवलं, बाबा?”

उत्तमरावांनी पानातला भात पुढं ओढला. जे मुलाला कधी जाणवू द्यायचं नाही असं ठरवलं होतं ते आता महालक्ष्म्यांसमोर सांगायची पाळी आली होती, आणि त्यांनी ते भाताचा ढीग बोटांनी सारखा करत करत सांगितलं. प्रवीणनं कॅनडातून आपल्या एका पेपरचं पहिलं पान पाठवलं होतं. इंग्रजीत छापलेलं, वर चार नावं. उत्तमरावांनी ते काचेत मढवून दुकानात लावलं, बियाण्यांच्या पाकिटांच्या वर, गणपतीच्या शेजारी. मग एक दिवस शाळेचे हेडमास्तर दोडक्याचं बी घ्यायला आले. त्यांनी चष्मा लावून नावं मोठ्यानं वाचली आणि विचारलं, तुमच्या पोराचं नाव शेवटी काऊन? दुकानात चार माणसं होती. उत्तमरावांनी दोडक्याचं बी बांधून दिलं. संध्याकाळी फ्रेम उतरवून मागं गोदामात पोत्यांआड ठेवली. पुढं प्रवीण आणखी पाठवत गेला, आणि त्यांनी दर वेळी आधी तेच पाहिलं. दर वेळी शेवटी.

कुलदीप जेवायचा थांबला होता. फ्रेम भिंतीवरून का उतरली हे त्याला आजवर माहीत नव्हतं. त्याला वाटलं होतं, वाळवी लागली.

“बाबा,” प्रवीण म्हणाला, “आमच्यात नावं ए-बी-सी-डीनं लावतात.”

“म्हनजे?”

“आडनावाच्या पहिल्या इंग्रजी अक्षरानं. ज्याचं ए तो आधी. आपलं झेड. झेडच्या पुढं अक्षरच नाही. मी कुठंही, काहीही केलं तरी शेवटीच येणार.”

मग सपनानं, तुपाची वाटी हातात तशीच, विचारलं की म्हणजे काम कुणी किती केलं त्याचा काही संबंध नाही? प्रवीण म्हणाला, नाही. त्या पेपरात पहिलं नाव होतं आल्मेडा म्हणून एकाचं. त्यानं शेवटच्या आठवड्यात येऊन दोन समीकरणं तपासली होती. माणूस चांगला होता, आणि आयुष्यभर सगळीकडे पहिलाच होता.

“मंग आमचं आगलावे तर लय पुढं येईन,” सपना म्हणाली. “उत्कर्षा, लग्न करूनच जाय तिकडं. दुसरं अक्षर जी हाय, पन ए-जी म्हनजे तसं पयलंच.”

कुणीतरी हसलं असतं, पण उत्तमरावांनी मान वर केली होती.

“मंग त्या कागदात तू खरा कितवा होता?”

प्रवीणला खोटं बोलता आलं असतं. त्याच्या विषयात लोक या प्रश्नाला ‘सगळ्यांचं मिळून’ असं उत्तर देतात, आणि तेच शिष्टाचाराचं आहे. पण समोर ज्येष्ठा-कनिष्ठा होत्या, आणि बापाचा हात भातात तसाच थांबला होता.

“त्या एका कागदात पहिला होतो, बाबा. कल्पना माझी होती. बाकीच्यांत कमीजास्त. पण तो माझा होता.”

त्यानंतर वाढणाऱ्यांनी वाढलं आणि जेवणाऱ्यांनी नको म्हटलं. उत्तमरावांच्या तोंडावर आधी आनंद आला. कुलदीपनं तो स्पष्ट पाहिला, आणि मग तो कुठंतरी अडकलेलाही पाहिला. त्यानं संधी सोडली नाही, कारण अशी संधी एवढ्या वर्षांत आली नव्हती.

“बाबा,” त्यानं विचारलं, “सपनाच्या लग्नाच्या पत्रिकेत याचं नाव माह्या आधी टाकलं. ते काऊन?”

म्हणजे अखेर त्यानं विचारलं. सुनयना आंबिलीचं भांडं घेऊन जागच्या जागी थांबली. हा प्रश्न तिच्याबरोबर तिच्या खोलीत इतकी वर्षं झोपला होता.

“तिथं त्याचं नाव शेवटी टाकून राह्यले होते ना,” उत्तमराव म्हणाले. “म्हून मी इथं पयले टाकलं. मानसाचं नाव कुठंतरी पयलं असलं पाह्यजे. तुयं काय, तू तर घरचाच होता.”

कुलदीपनं पानाकडे पाहिलं. रागावायला आता काही राहिलं नव्हतं, आणि रागाशिवाय भावाकडे कसं बघायचं याचा त्याला सराव नव्हता. इतक्या वर्षांचा राग, आणि तो आल्मेडा नावाच्या माणसावर धरायला हवा होता.

प्रवीणही पानाकडेच बघत होता. पण त्याला पत्रिका दिसत नव्हती. त्याला दुकानातला फोन दिसत होता. पुरे झालं आता, घरी ये. शेवटच्या जागेवरून उठून घरी ये, असं बाप म्हणत होता. म्हातारपण नव्हतं, आईचं दुखणं नव्हतं, मागणंही नव्हतं. बापानं काही मागितलं नव्हतं, दिलं होतं. हॉलंडची जागा, ते पुढचं सगळं, हे इंग्रजी वर्णमालेपायी गेलं होतं. गणित करणाऱ्या माणसाला कारण सापडल्याचा आनंद व्हायला हवा. त्याला आंबील कडू लागली.

“बोल नं मंग,” सपना म्हणाली. “पोरीचं का करायचं?”

सगळ्यांनी प्रवीणकडे पाहिलं. दारातून उत्कर्षानंही. नकार त्याच्याजवळ तयार होता, गच्चीवर सांगून झालेला होता, आणि त्यातला एक शब्दही खोटा नव्हता.

“मी काही सांगत नाही,” तो म्हणाला. “तिचं उत्तर तिनं द्यावं. या घरातून तिला कोणी चांगल्यासाठी म्हणून काही सांगू नये.”

तो सावकाश बोलला, आणि फक्त कुलदीपनं झटकन मान वर केली. हॉलंडहून फोन आला त्या दिवशी दुकानात शेजारीच तराजूवर कांद्याचं बी तोलत तो उभा होता. बापाचे शब्द त्यानं ऐकले होते. ऐकून त्याला बरंही वाटलं होतं.

“जाऊ दे तिले,” कुलदीप म्हणाला.

सपना दुखावली. तिला मोठ्या भावानं सकाळी दिलेला शब्द आठवत होता, आणि तिनं तो तुपाची वाटी जरा जोरात ठेवून आठवून दिला. आवाज चढवायचा नाही या नियमात वाट्या येत नाहीत. उत्तमराव मात्र अजून तिथंच होते.

“पन पोरीचं नाव शेवटी येईन,” ते म्हणाले. “लोकं वाचतीन.”

“येऊ द्या,” समयीजवळून मनकर्णाबाई म्हणाल्या. “मी या घरात आली तवापासून महालक्ष्मीच्या दिवशी शेवटच्या पंगतीत जेवून राह्यली. पुरन मी शिजवलं. मले कोनी पोत्याआड ठेवलं का?”

यावर झाडे घराण्यातल्या तिन्ही पुरुषांनी एकाच वेळी पाण्याचा पेला उचलला.

दुपारनंतर पंगती उरकल्या. आगलाव्यांचा फोन सपनानंच घेतला आणि ओसरीच्या टोकाला जाऊन बराच वेळ बोलली. परत आली तेव्हा ती कुणाशी बोलत नव्हती, पण दाखवायला आणलेली ती साडी तिनं उत्कर्षाच्या पिशवीत ठेवली होती. बंगळुरूला गारठा असतो, ती सुनयनाला म्हणाली, जाड हाय, कामी येईन. सुनयनानं तिच्या हातात पिनांचा डबा दिला आणि दोघी हळदीकुंकवाच्या तयारीला लागल्या.

ऊन उतरलं तेव्हा उत्तमराव घरात सापडेनात. कुलदीप आणि प्रवीण दुकानाकडे गेले. सणाचं दुकान बंद होतं, पण मागचं दार उघडं होतं. उत्तमरावांनी सोयाबीनची पोती एकट्यानं सरकवायचा प्रयत्न केलेला दिसत होता. ती सरकली नव्हती, पण फट पडली होती, आणि फटीतून त्यांनी फ्रेम ओढून काढली होती. काचेवर धूळ, एका कोपऱ्यात उंदरानं पुठ्ठा खाल्लेला. ते पोत्यावर बसले होते आणि फ्रेम मांडीवर होती.

“हे वर लावून दे,” ते कुलदीपला म्हणाले.

कुलदीप खिळा शोधायला वळला. तेवढ्यात उत्कर्षा मागच्या दारातून आत आली. गच्चीवरून थेट आली असावी. धाप लागली होती. दुकानात महालक्ष्म्या नव्हत्या, इथं ती ओरडली असती तरी चाललं असतं. पण सवय.

“धाडलं,” ती हळूच म्हणाली. मग काकाकडे बघून, “हो म्हून.”

प्रवीणनं मान हलवली. कुलदीपनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढला, आणि ती घराकडे पळाली.

उत्तमरावांनी तिला जाऊ दिलं. मग म्हणाले, “प्रवीण. तुले पक्की जागा भेटली होती, हॉलंडची. तू फोन केला. मी म्हटलं, घरी ये.”

“हो, बाबा.”

“मले वाटे, तिथंही तुले कोपऱ्यातच ठेवतीन.” ते फ्रेमकडे बघत होते. “तू माह्या सांगन्यानं आला का?”

कुलदीपच्या हातात खिळा होता. त्याला वाटलं, याचं उत्तर ऐकायच्या आधी बाहेर जावं. पण दारापर्यंत जायचं तर दोघांच्या मधून जावं लागलं असतं.

“नाई, बाबा,” प्रवीण म्हणाला. इतकी वर्षं कॉलेजच्या मराठीत बोलणारा माणूस गावच्या बोलीत म्हणाला. “हॉलंडले थंडी लय. मले यायचंच होतं.”

उत्तमरावांनी त्याच्याकडे पाहिलं. मग, खात्री करून घ्यायला, मोठ्या मुलाकडे.

ऐन पौषात पैनगंगेत पैजेनं उड्या मारणारा आणि ओठ निळे पडले तरी बाहेर न येणारा पोरगा कुलदीपला चांगला आठवत होता. त्याला काठीनं हाकलून बाहेर काढायचं काम त्याचंच असे.

“लहानपनापासूनच थंडी सोसत नाई त्याले,” कुलदीप म्हणाला.

“मले वाटलंच,” उत्तमराव म्हणाले. त्यांनी धोतराचा सोगा बोटाला गुंडाळला आणि काचेवरची धूळ पुसायला घेतली, शेवटच्या नावापासून.